चार्टमध्ये लिहिलंय कुठे? कोडरची ऑडिटर आणि मग ट्रेनर होताना

मेडिकल कोडिंगमध्ये दोन-तीन वर्षं काढली की पुढे काय, हा प्रश्न येऊन उभा राहतोच. हात बसलेला असतो, रोजचे चार्ट, म्हणजे रुग्णांच्या नोंदी, रोज संपतात, क्वालिटीचा आकडा टिकून असतो. मग एक वाट टीम लीडची दिसते, म्हणजे माणसं, रजा आणि टार्गेट सांभाळण्याची. दुसरी ऑडिटची आणि तिसरी ट्रेनिंगची. मी ऑडिटच्या वाटेने गेले आणि तिथूनच ट्रेनिंगला पोचले. या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत असं बहुतेक जण धरून चालतात, आणि पदांची नावं वेगळी आहेत हे खरंच. पण ऑडिटमध्ये सापडलेलं कुणाला शिकवायचंच नसेल तर ते नुसतं मार्क कापणं होतं. आणि ज्याने कधी ऑडिट केलेलं नाही तो ट्रेनर पुस्तकातले नियम शिकवत राहतो. लोक रोजच्या कामात नेमके कुठे अडखळतात हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

या क्षेत्राबाहेरच्यांसाठी दोन वाक्यं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलेली नोट वाचायची, आजाराला आयसीडी-१०-सीएमचा कोड द्यायचा, केलेल्या कामाला सीपीटीचा, आणि औषधं-उपकरणांसारख्या गोष्टींना एचसीपीसीएसचा. त्या कोडवर विम्याकडे पैशांचा क्लेम जातो आणि त्यावर पैसे ठरतात. ऑडिटर हे कोड तपासतो, ट्रेनर ते द्यायला शिकवतो.

ऑडिटला येण्याआधी माझ्याकडे एएपीसी या अमेरिकन संस्थेचं सीपीसी हे कोडरचं प्रमाणपत्र होतं. आता ती परीक्षा १०० प्रश्नांची आणि ४ तासांची असते, पास व्हायला ७० टक्के लागतात. ऑडिटसाठी एएपीसीचीच सीपीएमए ही वेगळी परीक्षा आहे. ती देताना मला वाटलं होतं की तेच कोडिंग थोडं अवघड करून विचारतील. अभ्यासाला बसल्यावर दिसलं की निम्मा भर दुसरीकडेच आहे: नमुना कसा निवडायचा, अहवाल कसा लिहायचा, आणि कायदा. फॉल्स क्लेम्स ॲक्ट हा कायदा १८६३ चा, अमेरिकेतल्या यादवी युद्धातला. सैन्याला निकृष्ट माल पुरवून सरकारकडून पूर्ण पैसे उकळणाऱ्या कंत्राटदारांसाठी तो आणला होता. आज त्याच कायद्याखाली मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याला पाठवलेले खोटे क्लेम पकडले जातात. मेडिकेअरकडून जादा पैसे आल्याचं लक्षात आलं की ते साधारण ६० दिवसांत कळवून परत करावे लागतात. हे वाचल्यावर एरर या शब्दाकडे बघण्याची माझी नजरच बदलली. कोडर म्हणून काम करताना एरर म्हणजे माझ्या टक्केवारीतून गेलेला अर्धा-पाऊण टक्का असायचा. आता त्या एररमागे कुणीतरी मागितलेले पैसे दिसायला लागले, आणि रुग्णाच्या नोंदीत कायमचा चिकटलेला एक आजारही.

ऑडिटच्या सुरुवातीला माझ्या सिनियर मॅडमनी एक शिस्त लावली. कोडरने दिलेले कोड आधी बघायचे नाहीत. नोट स्वतः वाचायची, स्वतः कोड द्यायचे, आणि मग शेजारी ठेवून ताडून बघायचं. यात वेळ जास्त जातो आणि टार्गेटच्या दिवशी जीव कासावीस होतो, तरी मी आजही असंच करते. समोर कोड दिसला की डोळे त्याला पाठिंबा देणाऱ्या ओळी शोधायला लागतात आणि जे लिहिलेलंच नाही तेही वाचल्यासारखं वाटतं. दुसरी शिस्त अहवालाची. प्रत्येक एररपुढे तीन गोष्टी हव्यात: नोटमधली नेमकी ओळ, लागू होणारी गाइडलाइन, आणि बरोबर कोड. नुसतं ‘चुकीचा कोड’ लिहिलेला शेरा मॅडम परत पाठवायच्या. त्यांचा एकच प्रश्न असायचा, ‘चार्टमध्ये लिहिलंय कुठे?’

एक चार्ट तपशील बदलून सांगते, कारण या कामाचं बरंचसं त्यात आलं. उच्च रक्तदाबाचा जुना रुग्ण, क्लिनिकमध्ये आलेला. रीडिंग १५२/९४. डॉक्टरांनी लिहिलं होतं की घरची रीडिंगही वर आहेत, ध्येय १३०/८० च्या खाली, ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमवरून १० करतोय, महिन्याने पुन्हा बघू. व्हिजिटला किती वेळ दिला याची नोंद नव्हती. कोडरने व्हिजिटला ९९२१३ दिला होता; त्याच्या वरची पातळी ९९२१४. कारण विचारल्यावर उत्तर आलं, ‘एकच जुना आजार आहे, स्टेबल आहे.’

२०२१ पासून क्लिनिकमधल्या व्हिजिटची पातळी एकतर दिलेल्या एकूण वेळावर ठरते, नाहीतर वैद्यकीय निर्णयाच्या गुंतागुंतीवर. त्या गुंतागुंतीचे तीन भाग असतात: आजार किती आणि कसे, किती माहिती तपासली, आणि जोखीम किती. तीनपैकी दोन जुळले की ती पातळी मिळते. इथे सगळं अडलं होतं ‘स्टेबल’ या एका गोष्टीवर. सीपीटीने स्थिर आजाराची व्याख्या उपचाराच्या ध्येयाशी बांधली आहे. रुग्ण ध्येयापर्यंत पोचलेला नसेल तर तो स्थिर नाही, मग तब्येत कितीही महिने आहे तशीच असो आणि लगेच धोका नसो. डॉक्टरांनी ध्येय लिहिलं होतं, रीडिंग लिहिलं होतं, दोन्हींतलं अंतर कागदावर होतं. म्हणजे आजाराचा भाग मध्यम. औषधाचा डोस बदलला, म्हणजे जोखमीचा भागही मध्यम. दोन जुळले, कोड ९९२१४.

कोडरने रिबटल, म्हणजे एररवर लेखी हरकत, टाकलं आणि नंतर स्वतःच माझ्याकडे आली. ‘मॅडम, डॉक्टरांनी अनकंट्रोल्ड असं कुठेच लिहिलं नाहीये. आपण कसं ठरवणार?’ प्रश्न अगदी रास्त होता. मी नोट उघडली आणि तिलाच विचारलं की ध्येय कुणी लिहिलंय आणि रीडिंग कुणी लिहिलंय. आजाराचा कोड आय१० होता तोच राहिला, त्यात आपण काहीच घातलं नव्हतं. मग मी मुद्दाम दुसरा चार्ट काढला: तोच आजार, रीडिंग १२८/७८, औषध आहे तेच चालू. तिथे औषधामुळे जोखीम मध्यम येते, पण आजार एक आणि स्थिर, माहिती नगण्य; म्हणून ९९२१३ च. दोन्ही नोटा शेजारी ठेवल्यावर तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

या चार्टमध्ये कोडरने कमी पातळीचा कोड दिला होता हेही महत्त्वाचं आहे. कमी कोड दिला तर कुणाचं नुकसान नाही, आपण सुरक्षित राहतो, अशी समजूत कोडरांमध्ये घट्ट बसलेली असते. डॉक्टरांनी केलेलं काम कागदावर असूनही क्लेममध्ये न येणं हीसुद्धा चूकच आहे, आणि अहवालात ती तितक्याच ठळकपणे लिहायला हवी. जो ऑडिटर फक्त जास्तीचे कोड पकडतो त्याच्या टीमचे कोडर हळूहळू घाबरून कोडिंग करायला लागतात.

टक्केवारीबद्दलही थोडं सांगते, कारण भांडणं तिथेच होतात. पुष्कळ ठिकाणी ९५ टक्क्यांची अट असते. पण ९५ टक्के कशाचे? समजा १० चार्टमध्ये मिळून ६० कोड आहेत आणि तीन वेगवेगळ्या चार्टमध्ये एकेक कोड चुकला. कोड मोजले तर ९५ टक्के, चार्ट मोजले तर ७०. माणूस तोच, काम तेच. नवीन प्रोजेक्टवर गेलं की पहिल्याच दिवशी हे विचारून घ्यावं असं मी प्रत्येकाला सांगते. शिवाय मुख्य आजाराचा कोड चुकणं आणि एखादा दुय्यम कोड राहून जाणं यांना सारखंच वजन द्यायचं का, हेही लेखी असलेलं बरं.

ऑडिटर एकाहून जास्त असले की कॅलिब्रेशन लागतं. सगळ्यांनी तेच चार्ट वेगवेगळे तपासायचे आणि मग एकत्र बसून निकाल जुळवायचे. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. दोन अनुभवी माणसं एकाच नोटवरून दोन निष्कर्षांवर येतात तेव्हा बहुधा गाइडलाइनमध्येच मोकळी जागा असते, आणि ती कुठे आहे हे तिथे कळतं. नवीन ऑडिटरला सगळ्यात अवघड जातं ते हात आवरणं. ‘मी असं कोड केलं नसतं’ एवढ्यावर एरर देता येत नाही. नियम दाखवता येत नसेल तर सूचना लिहावी, मार्क कापू नयेत.

हळूहळू माझ्या एरर लॉगमध्ये आकार दिसायला लागले. माणसं वेगळी, पण त्याच त्या जागा. हाडाच्या दुखापतीच्या कोडमधलं सातवं अक्षर: ‘ए’ (सक्रिय उपचार) म्हणजे पहिली भेट असं धरून दुसऱ्या डॉक्टरकडे चालू असलेल्या सक्रिय उपचारालाही ‘डी’ (त्यानंतरची देखभाल) लावलेला. गुडघ्यात इंजेक्शन दिलं की त्याच्या २०६१० सोबत व्हिजिटचा कोड आणि मॉडिफायर २५ (त्याच दिवशी वेगळी तपासणीही झाली असं सांगणारी खूण) सवयीने जोडलेला, त्या दिवशी इंजेक्शनपलीकडे काही वेगळं तपासलं का हे न बघता. सोनोग्राफीची मदत घेतली एवढं वाचून २०६११ दिलेला, पण प्रतिमा जतन केल्याची आणि अहवालाची नोंदच नाही. स्तनाचा कर्करोग काढून उपचार पूर्ण झालेला, आता कुठलंच औषध नाही, तरी झेड८५ गटातल्या पूर्वेतिहासाच्या कोडऐवजी चालू कर्करोगाचा सी५० लागलेला. दर महिन्याला मी हे लिहीत होते आणि दर महिन्याला तेच परत येत होतं. एकेकाला ईमेलने फीडबॅक देऊन हे थांबणार नाही हे उघड होतं. मी आमच्या मॅनेजर सरांना म्हटलं की मला टीमसमोर तासभर द्या, हेच चार्ट घेऊन बसते. ट्रेनिंगमध्ये माझा शिरकाव झाला तो असा.

शिकवण्यासाठी चार्ट तयार करणं हेच मोठं काम निघालं. रुग्णाची ओळख पटेल असं काहीही वर्गात जाता कामा नये. हिपा या अमेरिकेतल्या रुग्ण-गोपनीयतेच्या कायद्यातल्या एका पद्धतीप्रमाणे १८ प्रकारच्या खुणा काढाव्या लागतात, आणि त्यात वर्ष सोडून तारखाही येतात. पण कोडिंगमध्ये तारखांशिवाय चालत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या व्हिजिटचे वेगळे पैसे मिळणार की ते शस्त्रक्रियेच्याच ०, १० किंवा ९० दिवसांच्या पॅकेजमध्ये धरलेले आहेत, हे तारखांवरूनच कळतं. शेवटी मी खऱ्या चुकीचा गाभा ठेवून नोट नव्याने लिहायला लागले, आणि तारखांच्या जागी ‘शस्त्रक्रियेनंतर तिसरा आठवडा’ असं. या लिहिण्याचा एक फायदा झाला. एक शब्द बदलला की कोड कसा बदलतो हे दाखवायला जोड्या बनवता आल्या.

नव्या बॅचला मी पहिली जोडी देते ती ‘प्रॉबेबल न्यूमोनिया’ची. ओळ तीच, रुग्ण तसाच. एक नोट क्लिनिकमधली, दुसरी हॉस्पिटलमधून डिस्चार्ज देतानाची. पोरं दोन्हींना एकच कोड देतात. क्लिनिकमध्ये शंका असलेला आजार कोड करायचा नाही, खोकला आणि ताप हेच कोड करायचे. हॉस्पिटलमध्ये दाखल असलेल्या रुग्णाच्या डिस्चार्जवेळी मात्र ‘प्रॉबेबल’ लिहिलेला आजार असल्यासारखाच कोड होतो. आणि एचआयव्ही किंवा कोविडसारख्या काही आजारांना तीही सवलत नाही, ते निश्चित झाल्याशिवाय कुठेच द्यायचे नाहीत. वर्गात इथे कुजबुज सुरू होते आणि मला ती हवी असते. कोड पाठ करून आलेल्याला इथे कळतं की कोड देण्याआधी नोट कुठली आहे ते बघायचं असतं.

नंतर मी डायबेटिस आणि किडनीच्या जुन्या आजाराची नोट देते. तोवर ‘जे लिहिलं नाही ते धरायचं नाही’ हे मी इतक्यांदा घोकून घेतलेलं असतं की सगळे दोन्ही आजार सुटे कोड करतात. डॉक्टरांनी संबंध लिहिला नाहीये ना! आणि इथे आयसीडी स्वतःच संबंध धरते. इंडेक्समध्ये डायबेटिसखाली ‘विथ’च्या ओळीत किडनीचा जुना आजार आहे, म्हणून डॉक्टरांनी ‘याचा डायबेटिसशी संबंध नाही’ असं स्पष्ट लिहिलं नसेल तर टाइप २ साठी ई११.२२ आणि सोबत किडनीच्या टप्प्याचा एन१८ मधला कोड. एका मुलीने मला सरळ विचारलं, ‘मॅडम, मग काल तुम्ही सांगितलं ते खोटं का?’ या प्रश्नावर मी बाकीचा सगळा तास घालवला. कोडरने स्वतःच्या डोक्याने काही धरायचं नाही, हे कालचंच आहे. आजचं गृहीतक वर्गीकरणाचं आहे, छापलेलं आहे, पान उघडून दाखवता येतं. उद्या कुणी विचारलं तर तुमच्याकडे दाखवायला ओळ आहे का, एवढंच दोन्ही दिवशी विचारायचं होतं.

म्हणून वर्गात माझा नियम आहे की कोड सांगण्याआधी नोटमधली ओळ वाचून दाखवायची. कोड बरोबर आला आणि ओळ दाखवता आली नाही तर मी ते उत्तर धरत नाही. सुरुवातीला पोरं वैतागतात. उत्तर आलं ना, मग कशाला, असं तोंडावर दिसतं. पण पुढे हीच मुलं रिबटल लिहितात तेव्हा ते वाचायला आनंद होतो, आणि यातलीच काही ऑडिटला येतात. ऑडिटमध्ये जायचं असेल तर पदाची वाट बघू नका. आज कोड केलेल्या चार्टपैकी दोन-तीन चार्टची कारणं ऑडिटरसारखी लिहून ठेवा. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा हे लिखाण जास्त बोलतं, निदान मी मुलाखत घेते तेव्हा.

डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे नोटबद्दलची लेखी विचारणा, कशी लिहायची हेही शिकवावं लागतं. शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन घसरलंय, रक्त दिलंय आणि नोटमध्ये नुसतं ‘ॲनिमिया’ आहे. इथे ‘हा रक्तस्रावामुळे झालेला ॲनिमिया आहे ना?’ असं विचारणं म्हणजे उत्तर हातात देणं. आकडे मांडायचे, शक्य ते पर्याय द्यायचे, त्यात ‘इतर’ आणि ‘सांगता येत नाही’ हेही ठेवायचे, आणि पैशांचा उल्लेखही करायचा नाही.

या कामात अभ्यास संपत नाही, हे आवडत असेल तरच इकडे यावं. आयसीडीचे बदल १ ऑक्टोबरला, त्यात हल्ली १ एप्रिललाही भर, सीपीटीचे १ जानेवारीला, कोणते कोड एकत्र चालत नाहीत ते सांगणारे एनसीसीआय एडिट दर तिमाहीला. त्यात ऑडिटरला नवं शिकून जुनं विसरायची मुभा नाही. ज्या दिवशी रुग्णाला बघितलं त्या दिवसाचे नियम लागतात, म्हणून मागच्या वर्षांचे क्लेम तपासताना मागच्या वर्षांची पुस्तकं लागतात. २०२१ ला क्लिनिकच्या व्हिजिटचे नियम बदलले, २०२३ ला तेच हॉस्पिटलच्या व्हिजिटला आले; मधल्या दोन वर्षांतले हॉस्पिटलचे चार्ट तपासताना अजूनही १९९५ आणि १९९७ च्या गाइडलाइन काढून बसावं लागतं. माझी जुनी पुस्तकं मी कुणाला देत नाही.

हल्ली कोड सुचवणारं सॉफ्टवेअर आलंय आणि काही कामांत माणसाने हात न लावताच कोड पुढे जातात. ट्रेनिंगला येणारी मुलं काळजीने विचारतात की मग आपलं काय. माझ्या टेबलावर तरी काम कमी झालेलं नाही, त्याचं रूप बदललंय. माणूस थकून एखाद्या चार्टमध्ये चुकतो, यंत्र चुकलं तर त्या प्रकारच्या प्रत्येक चार्टमध्ये तेच चुकतं. म्हणून सरसकट नमुना काढून भागत नाही. यंत्राच्या कामासाठी मी एकेका प्रकारातले चार्ट वेगळे काढते: पूर्वेतिहास लिहिलेले कर्करोग, शंका असलेले आजार, मागच्या व्हिजिटवरून जशीच्या तशी उचललेली नोट. शेवटच्या प्रकारात यंत्र सगळ्यात जास्त फसताना मी बघितलंय, कारण जुन्या नोटमधला बरा झालेला आजार तिथे आजचा म्हणून पुन्हा उभा असतो. पुढच्या बॅचच्या अभ्यासक्रमात या नोटांना मी वेगळे दोन तास ठेवले आहेत.